दुल्सिन टीचर आणि फुंकणाऱ्यांचे हक्क

वसईजवळच्या वटार गावात लग्नाची, बाप्तिस्म्याची किंवा पहिल्या कम्युनियनची पार्टी असली की फादरांचा आशीर्वाद झाल्यावर आणि बाटल्यांची झाकणं उघडायच्या आधी माइक एकदा दुल्सिन टीचरच्या हातात जातो. म्हणजे कोणी देत नाही, त्या घेतात. जेमतेम पाच फूट उंची, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. माइकच्या दांड्यामागून त्यांचा फक्त चष्मा आणि आंबाडा दिसतो.

"मंडळी, जेवणाआधी थोडं नागरिकशास्त्र," त्या म्हणतात. "मुद्दा पहिला. पिऊन गाडी चालवायची नाही. खरं म्हणजे धडा इथे संपला पाहिजे. पण तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून पुढचे मुद्दे."

मग त्या पुढचे मुद्दे सांगतात. पोलिसानं अडवलं तर तो गणवेशात आहे का बघा. मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तर नळी नवी मागा, पाकीट तुमच्यासमोर फोडू दे. रीडिंगची छापील पट्टी डोळ्यांनी बघा. अटक केली तर कशासाठी ते विचारा, सांगणं त्यांना भाग आहे. घरच्या नाहीतर ओळखीच्या एका माणसाला कळवायला सांगा. वकील बोलवायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरकडून तपासणी दोन तासांत झाली पाहिजे, नाहीतर तुम्हाला कोठडीतून सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मागताना रडायची गरज नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

"आणि फुंकणारच नाही असं म्हणणं हा हक्क नव्हे, तो मूर्खपणा आहे. नकार दिलात तर तो तुमच्याविरुद्ध धरला जातो."

तोपर्यंत मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणतंच, "टीचर, बर्फ वितळतोय."

"वितळू दे," टीचर म्हणतात. "कारण सांग बघू, बर्फ का वितळतो? नाही सांगता येत ना? विज्ञानातही तू असाच होतास."

स्वतः टीचरनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा त्या बाटलीवरचं सगळं वाचून मग घेतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना प्रश्न पडतो की या बाईंना पिणाऱ्यांचा एवढा कळवळा का. त्याचं उत्तर मला माहीत आहे. मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो आणि स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या वीस वर्षं शेजारी शेजारी होत्या.

टीचरचा विषय नागरिकशास्त्र. शाळेतला सगळ्यात दुर्लक्षित विषय, असं त्यांचं मत होतं आणि ते खरंही होतं. इतिहासाच्या पेपरला शेपटासारखा जोडलेला आणि वीसच मार्कांचा. "इतिहासाला सगळं मिळालं," त्या म्हणायच्या. "घोडे मिळाले, तलवारी मिळाल्या, किल्ले मिळाले. माझ्या वाट्याला काय आलं? ग्रामपंचायत." आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी वसईच्या किल्ल्यावर जायची. टीचरनी एकदा मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी केली की एक सहल तहसील कचेरीत न्यावी. मुख्याध्यापकांना वाटलं, बाई विनोद करताहेत. त्या करत नव्हत्या. पुढच्या शनिवारी त्या स्वतःच्या जबाबदारीवर आठवीच्या मुलांना तहसील कचेरीत घेऊन गेल्या. मुलांनी तिथे दोन तास रांगेत उभं राहायचा अनुभव घेतला. टीचरच्या मते ती सहल पूर्ण यशस्वी झाली.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांचा एक जुना विद्यार्थी त्यांच्याकडे आला. पिऊन मोटारसायकल चालवताना सापडला होता. हातापाया पडला, कोऱ्या कागदावर सही करून आला आणि आता आपण काय कबूल केलंय या काळजीनं त्याला झोप येत नव्हती. टीचरनी विचारलं, "अरे, तुला तुझे हक्क माहीत नव्हते? आपण शिकलो होतो."

तो म्हणाला, "टीचर, तो धडा मी ऑप्शनला टाकला होता."

हे वाक्य टीचरच्या जिव्हारी लागलं. बरेच दिवस त्या येताजाता मला म्हणायच्या, "कदम सर, तेहतीस वर्षं शिकवलं आणि पोरांनी ऑप्शनला टाकलं." मग त्यांनी मोटार वाहन कायद्याचं पुस्तक आणलं, पेन्सिलनं खुणा केल्या आणि गावाची उजळणी सुरू केली. वटारला वाड्या आहेत, केळी आहेत, पानवेली आहेत, आणि रविवारी आनंद साजरा करायची जुनी रीत आहे. बाजूला कळंबचा समुद्रकिनारा असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदीही असते. विद्यार्थ्यांची कमतरता कधीच पडली नाही.

माझा फ्लॅट गावाच्या रस्त्याला लागून असलेल्या सोसायटीत आहे. आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे. माझ्या बायकोला टीचर आवडतात, पण त्यांच्या फोनची तिला धास्ती वाटते. फोन आला की टीचर नमस्कारसुद्धा करत नाहीत. "कदम सर, चप्पल घाला," एवढंच म्हणतात. म्हणजे गावातला कोणीतरी पकडला गेलाय आणि आपल्याला पोलीस ठाण्यात जायचंय. मला का नेतात, तर "साक्षीला गणिताचा माणूस बरा, आकड्यांत गडबड करत नाही."

ठाण्यातले लोक आधी वैतागायचे, नंतर सरावले. निम्मे शिपाई आजूबाजूच्या गावांतले, म्हणजे त्यांचेच विद्यार्थी. टीचर आत शिरल्या की तिथला संदेश नावाचा हवालदार हातातला चहा खाली ठेवून उभा राहतो. टीचर त्याच्याकडून नळीचं पाकीट मागून घेतात, पट्टीवरचे आकडे मला वाचायला देतात, मग पकडलेल्या माणसाकडे वळतात. त्याला त्या कधी सोडवत नाहीत. तो हुज्जत घालायला लागला तर त्याचेही मार्क कापतात. एकदा एकजण छाती पुढे काढून म्हणाला, "मी फुंकणार नाही. टीचर, सांगा यांना माझा हक्क." टीचर म्हणाल्या, "प्रश्न नीट वाच. आधी फुंक, मग बोल." तो फुंकला. आकडा मर्यादेच्या पार गेला होता.

"तुम्ही वकील आहात का?" असं एका नव्या साहेबांनी त्यांना विचारलं होतं.

"नाही," टीचर म्हणाल्या. "वकील बोलवायचा यांना हक्क आहे, हे सांगणारी आहे."

साहेबांनी खुर्ची दिली.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग विल्सनचं प्रकरण झालं.

विल्सन म्हणजे टीचरच्या घरापासून चौथं घर. तिशीतला, उंच, हसरा मुलगा. वडील नाहीत, आई मार्थाबाई आणि तो. त्याची आठ सीटची व्हॅन आहे. विमानतळाची भाडी करतो आणि उरलेल्या वेळात गावाचा सारथी. कोणाला डायलिसिसला न्यायचं, कोणाची मोतीबिंदूची तपासणी, रविवारी चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना चर्चमध्ये मिस्साला न्यायचं, सगळं विल्सन. टीचरचा लाडका विद्यार्थी, कारण नागरिकशास्त्रात त्याला वीसपैकी अठरा पडले होते. दोन मार्क का गेले हे टीचरना अजून आठवतं. राज्यपालांची नेमणूक कोण करतं ते त्यानं चुकवलं होतं.

एका रविवारी दुपारी गावात बाप्तिस्म्याचं जेवण होतं. टीचरनी नेहमीप्रमाणे माइक घेतला, मुद्दे सांगितले, विल्सननं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मीही जेवून घरी आलो आणि जरा आडवा झालो. चारच्या सुमाराला फोन वाजला. "कदम सर, चप्पल घाला. आपला विल्सन आहे."

आम्ही रिक्षानं ठाण्यात पोचलो तर मार्थाबाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. पार्टीतली भरजरी साडी तशीच अंगावर. त्या घरात बोलतात ती बोली मला इतक्या वर्षांतही पुरती येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगतो. विल्सन भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल, पण भानावर होता. टीचरना बघून त्यानं मान खाली घातली.

टीचरनी नळीचं विचारलं नाही, पट्टीचं विचारलं नाही. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडीत कोण होतं?"

"कोणी नाही टीचर. कळंबहून परत येत होतो. रिकामी होती."

"जाताना?"

तो भिंतीपासून सरळ झाला.

"विल्सन, जाताना कोण होतं?"

"ज्युलीमावशी होती," तो म्हणाला. "आणि तिची दोन नातवंडं."

एरवी टीचरनी किती मार्क कापले ते मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतो, त्या दिवशी मला ओळखता आलं नाही. मग त्या संदेशकडे वळल्या आणि कामाला लागल्या. नळी नवी होती का? होती, त्याच्यासमोर पाकीट फोडलं होतं. पट्टी? ही बघा. मी वाचली, आकडा मर्यादेच्या बराच वर होता. अटकेचं कारण सांगितलं? सांगितलं. आईला कळवलं? त्या समोरच बसल्यात.

राहिली होती डॉक्टरची तपासणी. समुद्रावर कोणीतरी बुडताना वाचलं होतं, ठाण्याची जीप तिकडे गेली होती. संदेश आणखी एका माणसाबरोबर सगळ्यांचे कागद करत होता. बाहेर अडवलेल्या गाड्यांचे मालक ओरडत होते. वेळ चालला होता.

मार्थाबाई माझ्या बाजूला सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, आता जरा सगळेच गप बसू. दोन तास होत आले. डॉक्टर नाही झाला तर सोडतात ना? आजच टीचरनी माइकवर सांगितलं."

टीचर पलीकडेच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. विल्सननंही ऐकलं असावं, कारण त्यानं आईकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. पंख्याचा आवाज येत होता. मार्थाबाईंनी टीचरचा हात धरला. नुसता धरून ठेवला. चार घरांपलीकडची बाई. टीचरच्या आईच्या शेवटच्या आजारात रात्रीची जागरणं केली होती त्यांनी. मी मनात म्हटलं, टीचर, आज जाऊ द्या. एवढा एक दिवस जाऊ द्या.

आणि टीचर जाऊ देतही होत्या. माझी खात्री आहे. त्या खाली आपल्या बुटांकडे बघत बसल्या होत्या.

तेवढ्यात संदेश कागदांचा गठ्ठा घेऊन आला. घामाघूम झाला होता. गृहपाठ दाखवायला यावा तसा तो टीचरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, एवढं झालं. बघा ना, काही राहिलं का?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. कागद हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग मार्थाबाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"डॉक्टर राहिला, संदेश," त्या म्हणाल्या.

जीप नव्हतीच. शेवटी आम्ही ज्या रिक्षानं आलो होतो तिच्यातच विल्सन, संदेश आणि टीचर बसले आणि सरकारी दवाखान्यात गेले. मी मार्थाबाईंजवळ थांबलो. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला मूल नाही, म्हणून जमलं."

मी ते टीचरना सांगितलं नाही. पण गावात सांगायला दुसरे लोक होते.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. संध्याकाळी जामीन झाला. जामीन कोण राहिलं, तर टीचरच. पुढे रक्ताचा रिपोर्ट आला तोही मर्यादेच्या वर. वसईच्या कोर्टात विल्सननं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि त्याचं लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं.

त्या काळात मी एकदाच टीचरना विचारलं की त्या तसं का बोलल्या. त्या ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. म्हणाल्या, "तपासणी त्याचा हक्क होता. मशीन चुकलं असतं तर डॉक्टरांनी सोडवलं असतं."

"मशीन चुकलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी आणखी दोन शेंगा मोडल्या. "ती दोन पोरं, सर. लहानगी चार वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. आणि पुढची शेंग उचलत, "शिवाय संदेशनं विचारलं. विचारल्यावर चुकीचं उत्तर कसं देऊ?"

गावानं मात्र टीचरना नापास केलं. पुढच्या लग्नात त्या माइककडे गेल्या तर माइक बंद होता. वाजवणाऱ्या पोरांनी वायर काढून ठेवली होती. टीचर त्या बंद माइकपुढे क्षणभर उभ्या राहिल्या आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी मी आणि माझी बायको, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मार्थाबाई रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवायच्या. मला फोन येणंही थांबलं, कारण पकडलेली मुलं आता दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगायला लागली.

टीचरचं घर मोठं आहे. भाऊ मेलबर्नला असतो, रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि बहुतेक वेळ एकमेकांना "दिसतंय का?" विचारण्यात जातो. मी भेटायला गेलो की त्या मला निरोप द्यायला फाटकापर्यंत येत, फाटकाशी नवा विषय काढत, तो संपला की रस्त्यापर्यंत येत. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्याच मला हाकलायच्या.

इकडे व्हॅन विल्सनच्या अंगणात उभी होती. बदली ड्रायव्हर मिळाला, चार दिवस आला आणि गेला. एका सोमवारी सकाळी डायलिसिसला जाणारे मिखेलबाबा पिशवी मांडीवर घेऊन विल्सनच्या ओसरीवर बसले होते आणि विल्सन रिक्षासाठी फोनावर फोन करत होता. टीचर तिथे गेल्या. हातात त्यांचं लायसन्स होतं.

टीचरकडे लायसन्स आहे हे मलाही माहीत नव्हतं. तरुणपणी वडिलांच्या हट्टानं काढलं होतं. गाडी चालवली ती तेव्हाच काय ती, पण मुदत संपली की दर वेळी वैद्यकीय दाखला जोडून नवं करून घेतलं होतं. "हक्क वापरला नाही तरी चालू ठेवावा," असं त्यांचं म्हणणं.

"चावी दे," त्या विल्सनला म्हणाल्या.

मार्थाबाई दारातून आत निघून गेल्या. विल्सननं टीचरकडे बघितलं, मग मिखेलबाबांकडे. बाबा म्हणाले, "दे बाबा. मला काय, इकडून मेलो काय आणि तिकडून मेलो काय."

त्या सोमवारी बाबा रिक्षानंच गेले. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे चर्चच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. टीचर स्टिअरिंगवर, विल्सन डावीकडे. मी आणि माझी बायको फिरायला जाताना ती ऐकायचो.

"टीचर, क्लच."

"प्रश्न नीट विचार. क्लच दाबू की सोडू?"

"सोडा. हळू. हळू टीचर."

गाडी उडी मारून बंद पडायची.

"किती मार्क?" टीचर विचारायच्या.

"टीचर, पास."

"खोटं बोलू नकोस. कारणे दे."

मग तो शांतपणे कारणं द्यायचा. महिनाभरात गाडी मैदानातून रस्त्यावर आली आणि वटारच्या वाहतुकीला एक नवंच वळण लागलं. टीचर रिकाम्या गल्लीतही वळताना इंडिकेटर देत. म्हैस आडवी आली तर म्हशीचा हक्क मान्य करून थांबत. मागून कितीही हॉर्न वाजले तरी त्यांचा वेग बदलत नसे. मिखेलबाबा आता एक तास लवकर निघू लागले आणि त्यांनाच ते आवडायला लागलं. "पूर्वी मला रस्ता दिसायचाच नाही," ते म्हणाले. "आता कोणाच्या वाडीत काय लावलंय ते सगळं कळतं." रविवारी मिस्साला म्हातारी मंडळी उशिरा पोचायला लागली, तेव्हा फादर पहिलं गीत दोनदा म्हणवून घ्यायला लागले.

या सगळ्या वेळात विल्सन शेजारच्या सीटवर असे. म्हाताऱ्यांना चढवणं, उतरवणं, दवाखान्यात नंबर लावणं ही त्याची कामं. एकदा मी माझ्या गुडघ्याच्या तपासणीसाठी त्यांच्याबरोबर गेलो होतो. परत येताना गाडीत आम्ही तिघंच. रस्त्यावर पाइपांचं काम चालू होतं म्हणून गाडी थांबली. विल्सन समोर बघत एकदम म्हणाला, "त्या दिवशी ज्युलीमावशीची पोरं मागे गाणी म्हणत होती. मी जोरात चालवली की आणखी मोठ्यानं म्हणायची. म्हणून मी आणखी जोरात चालवत होतो."

टीचरनी हँडब्रेक ओढलेला होता, तरी ब्रेकवरचा पाय काढला नव्हता. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "पाणी पी. बाटली मागे आहे." एवढंच.

मार्थाबाई कशा वळल्या ते मला नक्की माहीत नाही. एका सकाळी विल्सनच्या डब्याबरोबर दुसरा डबा आला, त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. कोणासाठी ते सांगितलं नव्हतं. टीचरनी खाल्ली आणि डबा घासून परत पाठवला. मग एका रविवारी मार्थाबाई मिस्साला निघाल्या त्या चालत न जाता व्हॅनमध्ये येऊन बसल्या आणि वाटेत टीचरना म्हणाल्या, "जरा जोरात चालव ना, मिस्सा संपेल." टीचर म्हणाल्या, "नाही." पण उतरताना मार्थाबाईंनी टीचरचा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

टीचर बदलत होत्या. त्यांनी उन्हासाठी एक टोपी घेतली होती. मिखेलबाबांच्या जुन्या गोष्टी त्यांना पाठ झाल्या होत्या आणि त्या मला फोन करून सांगायच्या. "चप्पल घाला" म्हणायला नव्हे, नुसत्या सांगायला. बोलताना "आमची गाडी" असा शब्द येऊ लागला. एके दिवशी म्हणाल्या, "आज आमच्या गाडीत एक मूल वांतीनं बेजार झालं," आणि हे सांगतानाचा आवाज बक्षीस मिळाल्यासारखा होता.

सहा महिने कधी संपले ते माझ्या लक्षात आलं, कारण मी गणिताचा. विल्सन एकदा इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जाऊन आला. त्यानंतरही सकाळी नऊला टीचर स्टिअरिंगवर आणि तो शेजारी. मी त्याला रस्त्यात गाठून विचारलं, "काय रे, लायसन्स आलं नाही अजून?"

"येईल सर," तो म्हणाला. "सरकारी काम आहे."

मीही विश्वास ठेवला. मग एका पहाटे बायको आणि मी फिरायला निघालो असताना समोरून व्हॅन आली. विमानतळाचं भाडं टाकून परत येत होती. स्टिअरिंगवर विल्सन. आम्हाला बघून त्यानं गाडी हळू केली, काच खाली घेतली. त्यानं नुसती मान हलवली. ती हलवण्यात विनंती होती. माझ्या बायकोनं हात जोडल्यासारखं केलं आणि आम्ही पुढे गेलो.

म्हणजे लायसन्स केव्हाच परत आलं होतं आणि टीचरना फसवायचं चाललं होतं. मला ते बरं वाटेना. ज्या बाईंना लायसन्सच्या मुदतीचे नियम तोंडपाठ, निलंबनाचा हुकूम ज्यांनी कोर्टात स्वतः वाचला, त्यांना कोणी आज ना उद्या सांगेल आणि त्या दुखावतील. त्यापेक्षा मीच सांगावं असं ठरवून सकाळी नऊला विल्सनच्या अंगणात गेलो.

मिखेलबाबा मागे बसले होते. विल्सन त्यांची पिशवी आत ठेवत होता. टीचर टोपी घालून आल्या, दार उघडून आत बसल्या. सीट पार मागे गेलेली होती, विल्सनच्या लांब पायांना लागते तेवढी. टीचरचे पाय क्लचपासून वीतभर लांब राहिले. त्यांनी सवयीनं हात खाली घातला, दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. मग आरसा खाली वळवून आपल्या उंचीचा केला.

मी खिडकीशी उभा होतो. म्हणालो, "टीचर, विल्सनचे सहा महिने..."

"कदम सर," त्या आरशात बघत म्हणाल्या, "तुम्ही गणित बघा. नागरिकशास्त्र माझ्याकडे आहे."

विल्सन येऊन शेजारी बसला, त्यानं पट्टा लावला. टीचरनी इंडिकेटर दिला, अंगणात कोणी नव्हतं तरी, आणि गाडी हळूहळू रस्त्याला लागली.